आरसा कोणी बिघडवला

५ जानेवारी

नमस्कार.

मायना काय लिहावा ते ठरेना, म्हणून सोडून दिला आहे. इतकी वर्षं तुम्हाला अरे-तुरे करत आले. आता ते तोंडात येत नाही.

भाऊ गेला त्या दिवशी तुम्ही आला होतात. सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभे होतात आणि कोणाशी एक शब्द न बोलता निघून गेलात. रडणाऱ्या माणसाला काही दिसत नाही असं लोकांना वाटतं. मी रडत नव्हते.

पत्राचं कारण आरसा. कॉलेजच्या गच्चीवर घुमट बांधून तयार आहे, दुर्बिणीची नळी आली आहे. आरसा भावाने आणि तुम्ही मिळून करून द्यायचा होता. शेवटच्या आठवड्यात भाऊ अंथरुणातून मला म्हणाला, "ताई, आरसा झाला. कॉलेजात पोचवून टाक." कित्येक महिन्यांत तो इतका शांत दिसला नव्हता. सगळं आटोपल्यावर मी आरसा मऊ कापडात गुंडाळला, खोक्यात ठेवला आणि टॅक्सीने स्वतः मांडीवर घेऊन गेले. भौतिकशास्त्राच्या बाईंच्या हातात दिला.

परवा त्यांचा फोन आला. आरशाच्या मधोमध खड्डा आहे. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही, पण आहे. दुर्बिणीत बसवला तर तारा टिंबासारखा न दिसता ओल्या फडक्याने पुसलेल्या खडूसारखा दिसेल. शनी दिसेल, त्याची कडी दिसणार नाहीत.

भाऊ आरशाच्या बाबतीत चुकत नसे. बाकी सगळ्यात चुकत असे, वीजबिल भरण्यापासून माणसं ओळखण्यापर्यंत, पण आरशात नाही. तो 'झाला' म्हणाला म्हणजे झाला होता. मग त्यानंतर त्याला कोणाचा तरी हात लागला. खालच्या, आरसा घासायच्या खोलीच्या किल्ल्या दोनच. एक त्याच्याकडे होती, एक तुमच्याकडे आहे.

ती किल्ली परत पाठवावी. आणि आरशाबद्दल काही सांगण्यासारखं असेल तर तेही लिहावं.

— ताई


१४ जानेवारी

नमस्कार.

किल्ली मिळाली. पाकिटात सोबत तुमची एक ओळ होती: "ताई, आरसा मी बिघडवला नाही. बाकी काही विचारू नका."

मी उभं आयुष्य रुग्णालयाच्या औषधखिडकीमागे काढलं. झोपेच्या गोळ्या दुसऱ्यांदा मागायला आलेला माणूस खिडकीपाशी आल्या आल्या मला कळायचा, कारण मी काही विचारायच्या आत तो उत्तर द्यायचा. तुम्हाला मी 'बिघडवला का' असं विचारलं नव्हतं. आणि ज्याच्याकडे 'बाकी' काहीच नसतं तो 'बाकी विचारू नका' असं लिहीत नाही.

खालच्या शिंपीणबाईंशी बोलले. त्यांचं मशीन खोलीच्या दारासमोरच आहे, हे तुम्ही विसरलात. भाऊ जायच्या चार-पाच दिवस आधी, मी औषधं आणायला गेले असताना, तुम्ही आला होतात.

"आला होता ना तो भिंगवाला," त्या म्हणाल्या. "कुलूप उघडलं, आत गेला, पडदे ओढून घेतले. भर दुपारी पडदे कशाला हो लागतात माणसाला? मी म्हटलं, चहा टाकू का? तर नको म्हणाला. चहा नको म्हणणाऱ्याचं काही खरं नसतं, ताई. नंतर वर गेला आणि थोड्या वेळाने उतरला तो चेहरा असा पाडून, जसं काही ह्यालाच दुखणं झालंय."

म्हणजे तुम्ही आरशापाशी एकटे होतात. पडदे ओढून होतात. वर माझ्या भावाला भेटून गेलात, आणि ते ना तुम्ही मला सांगितलंत ना त्याने.

आणखी एक. त्या आधीच्या भांडणाचं मला काही माहीत नाही असं तुम्हाला वाटत असेल. जिन्यातून खालचं सगळं ऐकू येतं. तुम्ही रोज त्याला अडवत होतात. "आज पुरे, मास्तर. राहू द्या. उद्या बघू." आणि तो म्हणायचा, "उद्या कोणी पाहिलाय?" एका संध्याकाळी तर त्याने स्पष्टच म्हटलं, "तुला हा आरसा पुरा व्हायलाच नको आहे." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही यायचे बंद झालात.

ज्याच्या हाताशी दिवस थोडे राहिलेत त्याला 'उद्या बघू' म्हणणारा माणूस कशाची वाट बघत असतो, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

प्राचार्यांनी निरोप दिला आहे की फेब्रुवारी संपेपर्यंत आरशाचं काही ठरलं नाही तर ते कारखान्यातला तयार आरसा मागवतील. त्यांचंही बरोबर आहे. घुमट रिकामा किती दिवस ठेवणार? पण मग त्या दुर्बिणीत माझ्या भावाचं काहीच राहणार नाही. मला ते होऊ द्यायचं नाही. त्यासाठी आरशाचं काय झालं ते आधी कळायला हवं.

— ताई


२३ जानेवारी

तुमचं उत्तर नाही. तेही एक उत्तरच असतं.

काल खोली आवरायला घेतली. आवरली नाही, नुसती बसून आले. पाणी भरलेलं पिंप अजून तिथेच आहे. त्याच्यावर काच ठेवून भोवती फिरत फिरत तो घासायचा, घाण्याच्या बैलासारखा, असं मी म्हणत असे. खालची काच, तिच्यावर भुकटी, वर दुसरी काच. घासता घासता वरची आपोआप खोलगट होते आणि खालची फुगते. मला हे कधी पटायचं नाही. मी म्हणायचे, दोघी सपाट, दोघी सारख्या, मग एकीच्याच वाट्याला खोली का? तो म्हणायचा, "वरचीला अधांतरी राहावं लागतं, ताई. कड सुटली की सगळा भार मधे येतो."

शाळांतल्या विज्ञान-प्रदर्शनांचे दिवस आठवले. तुम्ही दोघं शाळेच्या पोरांपुढे गोष्टी सांगायचात आणि मी मागे खुर्चीत बसून स्वेटर विणायचे. हॉलंडमधल्या चष्मेवाल्याची गोष्ट तुमची आवडती. त्याने दोन भिंगं एका नळीत बसवली आणि सरकारकडे हक्क मागितला. लगेच आणखी काहीजण पुढे आले, ही नळी आम्हालाही येते म्हणून. सरकारने हक्क कोणालाच दिला नाही. मग ती नळी गॅलिलिओने ऐकीव माहितीवर स्वतः बनवली, आकाशाकडे वळवली आणि नाव त्याचं झालं. पोरं विचारायची, हे बरोबर आहे का? तुम्ही डोळे मिचकावून भावाकडे बघायचात. "मास्तर, आपल्या आरशावर नाव कोणाचं घालायचं?" तो म्हणायचा, "ज्याचा हात शेवटी लागेल त्याचं."

सगळे हसायचे. मीही हसले असेन. काल तिथे बसल्यावर मात्र हसू आलं नाही. शेवटी हात कोणाचा लागला?

दुसरी गोष्ट युरेनस शोधणाऱ्या हर्शेलची. तो आरसा घासायला बसला की हात उचलायचा नाही, आणि त्याची बहीण त्याला शेजारी बसून घास भरवायची. हे सांगताना भाऊ माझ्याकडे बोट दाखवायचा आणि सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायचा. मला ते आवडत नसे. एकदा तुम्ही मधेच म्हणालात, "पुढचं पण सांगा की मास्तर. त्याच बहिणीने नंतर स्वतः धूमकेतू शोधले. एक नाही, आठ." भाऊ म्हणाला, "ते पुढच्या तासाला." पुढचा तास कधी झाला नाही.

हे तुमच्या बाजूने बोलणारं आहे हे मला कळतं. पण गोड बोलणारा माणूस मला नेहमीच जरा जास्त तपासून घ्यावासा वाटतो.

तुम्हाला कदाचित माहीत नसेल, शेवटच्या महिन्यात मी त्याला खरंच भरवत होते. त्याला जिना उतरता येत नव्हता. हात थरथरायचे. तो म्हणाला, "बघ, शेवटी हर्शेल झालोच." मी म्हटलं, "गप जेव."

बाईंच्या उपकरणातच काही गडबड नसेल कशावरून, असंही आता मनात येतं. किंवा आरसा तिथेच कोणाच्या हातून बिघडला असेल. मी त्यांना आरसा घेऊन आमच्याकडे यायला सांगितलं आहे. भावाच्या खोलीत, भावाच्या दिव्याने, माझ्या डोळ्यांदेखत तपासा म्हटलं. त्यांना राग आला असावा. पण येते म्हणाल्या.

— ताई


२ फेब्रुवारी

बाई काल येऊन गेल्या.

मी पडदे ओढले. त्यांनी आरसा लाकडी घोडीवर उभा केला, समोर तो बारीक भोकाचा दिवा लावला, दिव्याशेजारी, आरशातून परतणारा उजेड अर्धा कापायला, दाढीचं पातं. मी म्हटलं, बघा आता. त्या म्हणाल्या, "लगेच नाही. मी आत्ताच हातात धरून आणलाय. थंड होऊ दे. चहा घेऊ या."

दोन तास बसलो. एवढा वेळ मी कोणाशी बोलत बसले नव्हते, म्हणजे त्याच बोलल्या. मग त्यांनी मला पात्यामागे डोळा लावायला सांगितला. इतक्या वर्षांत मी तिथून कधी पाहिलं नव्हतं. अख्खा आरसा राखाडी चंद्रासारखा उजळलेला होता. आणि मधोमध, पिठात वाटी दाबून उचलावी तसा, खड्डा. अगदी गोल. बाईंचं उपकरण बरोबर होतं.

मी विचारलं, "कोणी मुद्दाम हे करायचं म्हटलं तर किती वेळ लागेल? एका दुपारी होईल?"

त्या हसल्या. "मुद्दाम? एका दुपारी ओरखडा काढता येईल, आपटता येईल. हा खड्डा बघा किती गुळगुळीत आहे. आठवडेच्या आठवडे लागले असतील. कोणीतरी रोज मन लावून केलंय हे."

"मन लावून बिघडवलंय?"

"मन लावून दुरुस्त केलंय," त्या म्हणाल्या. "थांबा, दाखवते. तुमचा अंगठा द्या."

त्यांनी माझा अंगठा आरशावर एका कडेला टेकवला आणि जरा वेळ तसाच धरून ठेवायला लावला. मग म्हणाल्या, आता बघा. मी पाहिलं. जिथे अंगठा होता तिथे टेकडी उभी होती. चांगली सावली पडलेली, डोंगरासारखी टेकडी. बघता बघता ती खाली बसत गेली आणि नाहीशी झाली.

"हाताच्या उबेने काच फुगते," बाई म्हणाल्या. "म्हणून पॉलिश केल्यावर लगेच तपासायचं नसतं. माझी पोरं हटकून हीच चूक करतात. आरसा गरम असताना बघतात, मधे उंचवटा दिसतो, मग तो घासून काढतात. पुन्हा हात लागतो, पुन्हा गरम, पुन्हा उंचवटा. नसलेला उंचवटा घासत राहतात. काच थंड झाली की तिथे खड्डा. पण मास्तरांकडून हे होणार नाही. त्यांनीच तर आम्हाला शिकवलं."

बाईंना मी तापाचं सांगितलं नाही.

तुम्हाला सांगायची गरज नाही. तरी लिहिते. शेवटचे तीन महिने त्याला रोज संध्याकाळी ताप भरायचा. किती भरायचा हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही, थर्मामीटर माझ्या हातात असायचा. आणि जोवर जिना उतरता येत होता तोवर तो नेमका संध्याकाळी खाली जायचा, कारण तेव्हाच त्याला हुशारी वाटायची. तापात माणसाला वाटते तशी. तळवे असे असायचे की हातात हात घेतला तर आपला हात पोळावा. ते तळवे तो काचेवर ठेवून बसायचा. आणि वाट बघायला त्याच्याकडे वेळ नव्हता. वर येऊन जेवताना म्हणायचा, "अजून मधे उंच आहे. जातच नाही बघ."

'आज पुरे, मास्तर. उद्या बघू.'

तुम्ही काच थंड व्हायची वाट बघायला सांगत होतात.

मी हे अजून पूर्ण मान्य केलेलं नाही. माझ्या मनात अजून एक प्रश्न आहे आणि तो बाईंना विचारण्यासारखा नाही. भाऊ शेवटचा महिनाभर खाली उतरलाच नाही. आरसा त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता. उतरणं थांबलं त्या दिवशीही तो 'अजून उंच आहे' असंच म्हणत होता. मग शेवटच्या आठवड्यात आरसा झाला, हे त्याला कोणी सांगितलं? मी नाही. शिंपीणबाई जिना चढत नाहीत.

त्या दुपारी तुम्ही पडदे ओढून आरसा तपासलात. तुम्हाला खड्डा दिसला असणार. मग तुम्ही वर गेलात.

वर जाऊन तुम्ही त्याला काय सांगितलंत?

— ताई


१२ फेब्रुवारी

तुमचं पत्र आलं. दोन ओळी. "झाला म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार होतो, ताई?"

पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि मग भाजी चिरायला घेतली. बराच वेळ चिरत होते. एकटीला पुरून उरेल एवढी झाली.

मला राग आला. कोणाचा ते नीट कळत नाही. तुम्ही माझ्या भावाशी त्याच्या शेवटच्या आठवड्यात खोटं बोललात. तुम्ही आरसा बिघडवलात असं मी प्राचार्यांना, बाईंना आणि शिंपीणबाईंना सांगून बसले, आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत. एकदा तरी म्हणायचं होतं, 'ताई, तुमच्याच भावाने केलंय.' तुम्ही म्हटलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता, ही गोष्ट वेगळी.

प्राचार्यांना आणि बाईंना मी काल फोन केला. आरसा कोणी बिघडवला नाही, काम अर्धवट राहिलं होतं, तुम्ही ते पुरं करणार आहात, असं सांगितलं. तुम्हाला विचारलं नाही. प्राचार्य म्हणाले, "अहो, पण तुम्हीच म्हणत होतात की तो गृहस्थ…" मी म्हटलं, "माझी चूक झाली." ते इतके चकित झाले की त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मुदत दिली. शिंपीणबाईंना समजावणं जास्त अवघड गेलं. त्यांचं म्हणणं, असेल चांगला, पण चहा का नको म्हणाला?

बाईंनी मला स्पष्ट सांगितलं आहे. खड्डा खोल आहे. आरसा वाचवायचा तर भुकटीने पुन्हा घासावा लागेल, अगदी मागे जाऊन. भावाने पॉलिश केलेला सगळा पृष्ठभाग निघून जाईल. त्याचा हात त्यावर कुठेच राहणार नाही. नाहीतर आहे तसा कपाटात ठेवायचा, त्याची आठवण म्हणून. मी रात्रभर नाही, पण चांगले दोन दिवस विचार केला. कपाटात मला आरसा नको. त्याला शनी दाखवायचा होता.

तेव्हा घासून टाक. रविवारपासून ये. किल्ली शिंपीणबाईंकडे ठेवते. त्या चहा देतील तो घे.

मी खोलीत बसून राहणार आहे, हे आधीच सांगते. विश्वास नाही म्हणून समज, की घरात वर एकटीला करमत नाही म्हणून समज. तू 'थांबा' म्हणालास की थांबणारं कोणीतरी तिथे असलेलं बरं.

एक गोष्ट मात्र विचारायची आहे. पूर्वी कोणीही पोर धावत येऊन 'मास्तर, माझा आरसा झाला' म्हणालं, की भाऊ तोंडभर शाबासकी द्यायच्या आधी एकच विचारायचा: "आणि कड?" आरशाची अगदी शेवटची बोटभर किनार. सगळे तिथेच फसतात म्हणायचा. आजवर त्याने हे विचारल्याशिवाय कोणाचा आरसा झाला असं मानलं नाही. मी गोळ्या द्यायच्या आधी मोजायचे, तसं ते त्याच्या तोंडात बसलं होतं.

तू त्याला 'झाला' म्हणालास, तेव्हा त्याने तुला कड विचारली का?

विचारली असेल, तर तुझं खोटं त्याला पटलं होतं आणि तो समाधानात गेला. विचारली नसेल, तर त्याला सगळं कळलं होतं. मग तो मला 'आरसा झाला' म्हणाला, ते तुझं खोटं सांभाळण्यासाठी.

या दोहोंतलं मला कोणतं हवं आहे ते मलाच ठरवता येत नाही. आणि पंचाईत अशी की तू काय सांगशील त्यावर आता माझा भरवसा नाही. मरणाऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणारा, मागे राहिलेल्यालाही बरं वाटावं म्हणून बोलेल. म्हणून याचं उत्तर पत्रात लिहू नकोस. रविवारी ये, माझ्यासमोर बस आणि सांग. तू बोलत असताना मी तुझ्याकडे बघणार आहे.

— ताई